शून्य नोंदी सापडल्या

बाबागाडीची पुढची चाकं पायरीवरून उतरवून झोरनित्सानं मागं वळून इमारतीचं दार लोटलं, तेव्हा दाराच्या बाहेरच्या अंगाला चिकटवलेला कागद तिला दिसला. काळी चौकट, मध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या दाफिना आजींचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत : निधनाला चाळीस दिवस. फोटो वीसेक वर्षांपूर्वीचा तरी असावा. त्यात आजींचे केस काळे होते आणि त्या कुणावर तरी किंचित रागावल्यासारख्या बघत होत्या. शेजारी इतर कागद होतेच, कुणाचे सहा महिने, कुणाचं वर्ष, नदीवरून येणाऱ्या धुक्यानं फुगलेले, पिवळे पडलेले. रोज या दारातून जाता-येता झोरनित्साला ते कधी दिसत नसत. दाराच्या रंगाचाच ते भाग झाले होते. हा मात्र नवा होता. आणि पायरीच्या कडेला, हातात ट्रे घेऊन, त्याच रागावल्या डोळ्यांची एक पन्नाशीची बाई उभी होती.

"घे," ती म्हणाली. "आईच्या नावानं."

ट्रेमध्ये प्लॅस्टिकचे पेले होते. उकडलेला गहू, वर पिठीसाखरेचा जाड थर, त्यावर बिस्किटाचा चुरा. झोरनित्सानं एक पेला उचलला, देव त्यांना क्षमा करो म्हणाली, आणि गाडीतल्या लेकीच्या, बिल्यानाच्या, टोपीचा बंद नीट करू लागली. बिल्यानानं पेल्याकडे हात पसरले. त्या बाईनं चमच्याच्या टोकावर चार दाणे घेऊन तिला भरवले आणि तिचे डोळे जरा निवळले.

"तूच ना ती, चौथ्या मजल्यावरची, कॉम्प्युटरवाली? मी एलित्सा, मुलगी त्यांची. आई फोनवर सांगायची तुझं. म्हणायची, त्या पोरीनं माझ्या गळ्यात घंटा बांधलीय, शेळीला बांधतात तशी."

झोरनित्साला हसावं की नाही कळेना. "त्यांना आवडायचं नाही ते मदतीचं बटण."

"तिला काय आवडायचं, बाई? मी स्पेनला गेले तेही आवडलं नाही. अठरा वर्षं दर रविवारी तेच ऐकलं." एलित्सानं ट्रे रेलिंगवर टेकवला. "पण तुमच्या ऑफिसचे आभार मानायचेत मला. ते पत्र दिलंत म्हणून मी आज पायावर उभी आहे."

"कुठलं पत्र, ताई?"

एलित्सानं कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. तो इतक्यांदा उघडला-मिटला होता, की घड्यांवरची अक्षरं पुसत आली होती. नऊ ऑक्टोबर रोजी सदर उपकरणावरून कोणताही कॉल आल्याची नोंद नाही. खाली शिक्का, आणि झोरनित्साच्या साहेबाची, ल्युबोमीरची, सही.

"दोन दिवसांनी सापडली ना ती. स्वयंपाकघरात. मला तिकडे झोप म्हणून नव्हती. डोळे मिटले की तेच. आई खाली पडलीय, बटण दाबतेय, आणि कुणी येत नाही. मग हे आलं. दाबलंच नाही तिनं! म्हणजे तिला कळलंसुद्धा नसणार. उभ्या उभ्या गेली असणार, सुखानं." तिनं कागद जपून परत खिशात घातला. "रोज झोपताना वाचते. रविवारी निघते परत. तिकडे मी जिला सांभाळते त्या म्हातारीला शेजारणीवर टाकून आलेय, मी नसले की ती घास घेत नाही."

पाळणाघरात सोडताना बिल्यानानं नेहमीसारखी गळ्याला मिठी मारली नाही, स्वतःच आत पळाली, आणि एरवी ज्यानं झोरनित्साचा जीव थोडा हलका झाला असता त्यानं आज तिला उलट एकटं पाडलं. ट्रॉलीबसमध्ये ती उभीच राहिली. काचेवर आतून वाफ धरली होती, बाहेरून धुकं, आणि मधल्या काचेवर कुणाच्या तरी बोटानं काढलेली एक रेघ ओघळत होती. नऊ ऑक्टोबर. कॉल आल्याची नोंद नाही. हे वाक्य ल्युबोमीरचं नव्हतं, तिचं होतं. तिला ती दुपार आठवली. बिल्यानाला ताप होता, म्हणून ती घरूनच काम करत होती. पोर अंगावर पीत होती, एक हात तिच्या डोक्याखाली अडकलेला, आणि मांडीशेजारच्या लॅपटॉपवर ल्युबोमीरचा निरोप उमटला होता : चव्वेचाळीस एकाहत्तर नंबरची बटणाची पेटी, नऊ तारीख, काही आहे का बघ, घरच्यांना कळवायचंय. तिनं डाव्या हाताच्या एका बोटानं नंबर टाकला, तारीख टाकली. पडद्यावर आलं, शून्य नोंदी सापडल्या. तिनं लिहून टाकलं, नाही, काही नाही. पेटीच्या नंबरामागं कोण आहे हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळलं आठवड्यानंतर, जिन्यात, आणि तेव्हाही तिला सगळ्यात आधी वाटला होता तो सुटकेचा भाव, की बरं झालं, आजींनी दाबलं नव्हतं. आता वाफ धरलेल्या त्या काचेसमोर उभ्या उभ्या तिला वाटत होतं, की त्या दुपारी आपण काहीतरी विचारायचं विसरलो. काय, ते हाताशी येत नव्हतं. जिभेवर साखर होती. पेल्यातला गहू तिनं कधी खाल्ला ते तिला आठवेना.

ऑफिसात अजून कुणी नव्हतं. तिनं कोटसुद्धा काढला नाही. शोधायच्या खिडकीत पेटीचा नंबर टाकला, नऊ तारीख टाकली. शून्य नोंदी. मग तिनं नंबर पुसला आणि नुसती तारीख ठेवली, नुसता तो एक भाग ठेवला, म्हणजे पेट्यांचे कॉल ऐकून मदतकेंद्राकडे धाडणारा भाग. शहरात नगरपालिकेच्या बाराशे पेट्या होत्या. बाराशे म्हाताऱ्या माणसांच्या पेट्या दिवसातून चारदा आपण जाग्या आहोत असं कळवतात, बॅटरी सांगतात, बटणं दाबली जातात, मुद्दाम, चुकून, नातवंडांच्या हातून. कमीत कमी पाच हजार ओळी हव्या होत्या. शून्य नोंदी सापडल्या. आठ तारीख, शून्य. दहा, शून्य. सात तारखेच्या दुपारी पावणेतीनपर्यंत ओळींची दाटी होती, आणि मग ती कडेलोटासारखी संपत होती. सोळा तारखेच्या सकाळी पुन्हा सुरू. मध्ये काहीच नाही. तिनं एका माणसाला रिकाम्या घरात जाऊन शोधलं होतं आणि सांगितलं होतं, तो नाही. घरात कुणीच नाही हे तिनं बघितलंच नव्हतं.

तिहोमीर आला तो हातात न्याहारीच्या बनीत्साचा तेलकट कागद घेऊनच. तिच्याच कामातला जोडीदार, तिच्याहून चार वर्षांनी लहान, आणि कुठल्याही गोष्टीनं आपलं काही बिघडत नाही असं दाखवायची त्याला सवय होती.

"तिहो, ऑक्टोबरमधले ऐकणाऱ्या भागाचे लॉग कुठे आहेत? सात ते सोळा."

"स्वर्गात."

"मस्करी नको करूस."

"मस्करी कुठाय? लिहिलेच गेले नाहीत. लिहिणाराच आत नव्हता. सोळाला मी दुसरंच काहीतरी करत होतो, तेव्हा दिसलं. एक ओळ घातली, चालू झालं. बदलाच्या टिपेत लिहिलंय की तसं."

"मला सांगितलं नाहीस."

"तू पोरीला घेऊन घरी. आणि ओळ राहिली होती तुझी. म्हटलं, कशाला गावभर बोंब मारा? झाकून टाकलं. उलट चहा पाज मला." मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि कागद खाली ठेवला. "का गं? काय झालं?"

ओळ तुझी. तिला ती ओळ दिसत होती, ती जिथं असायला हवी होती त्या जागेसह. सप्टेंबरभर ती तेच करत होती : एका जुन्या, एकसंध, पसरलेल्या प्रोग्रॅमचे मॉड्यूल पाडणं. एका मोठ्या हॉलला भिंती घालून खोल्या करायच्या तसं ते काम, आणि तिला ते आवडलं होतं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच तिला आपलं डोकं आपलं वाटलं होतं. प्रत्येक मॉड्यूलच्या दाराशी एक छोटी फाईल असते. तिच्यात लिहायचं, मला आत कोण कोण लागतं, आणि माझ्यातलं कुणाला बघू द्यायचं. ज्याचं नाव नाही तो बाहेर. नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीचे, म्हणजे बाहेरून आणलेल्या तयार कोडचे, दोन अर्धे होते. एक, ज्याच्याशी बाकीचे बोलतात. दुसरा, जो खरोखर लिहितो. पहिल्याचं नाव तिनं घातलं होतं. त्याच्याशिवाय काही उभंच राहिलं नसतं. दुसऱ्याला कुणी नावानं हाक मारत नाही, तो आपसूक सापडतो असा तिचा समज होता. तिच्या मशीनवर तो सापडतही होता, कारण तिथं सगळंच सामान पसरलेलं होतं. पण सर्व्हरवर जायचं गाठोडं नेमकं बांधलेलं असतं, ज्याचं नाव आहे तेवढंच त्यात जातं, आणि लिहिणारा मागं राहिला. एवढं होऊनही काही मोडलं नाही, हेच भयंकर होतं. बोलायचा अर्धा अतिशय सोशिक असतो. त्याला लिहिणारा सापडला नाही, की तो सुरुवातीला एकदाच सांगतो, लिहिणारं कुणी मिळालं नाही, यापुढे मी गप्प राहतो. आणि मग खरोखर गप्प राहतो. बाकीचे सगळे त्याला सांगत राहतात, कॉल आला, पुढे पाठवला, पुढे गेला नाही, पुन्हा पाठवतोय, पुन्हा गेला नाही. तो सगळं ऐकून घेतो आणि त्याच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडत नाही.

आणि ते एकदाच सांगणं तिनं वाचलं होतं. सात तारखेला, पावणेतीनला, नवं गाठोडं सर्व्हरवर उठत होतं आणि काळ्या पडद्यावर सगळ्यात आधी त्या ओळी आल्या होत्या. तिनं वाचल्या, आणि तिच्या मनात नीट, पूर्ण वाक्य उमटलं होतं, हे बघायला हवं. तेवढ्यात टेबलावर फोन थरथरला. पाळणाघरातली बाई म्हणाली, बिल्यानाची आई ना, अंग भाजतंय हो पोरीचं, ताप साडेअडतीसच्या वर गेलाय, लवकर या. तिनं लॅपटॉप मिटला. तो मिटतानाचा आवाज, टप्, मऊ, आता तिला कानात ऐकू येत होता, आणि त्या आवाजाबरोबर आपल्याला काय वाटलं होतं तेही. भीती नव्हती ती. सुटका होती. पोरीकडे जायला मिळतंय याची. त्या नऊ दिवसांत तिनं बिल्यानाचं कण्हणं, कुशीवर वळणं, नाकातला घरघर आवाज, घोट गिळणं, एकूण एक ऐकलं होतं, झोपेतसुद्धा ऐकलं होतं. कुठल्या रडण्याला उठायचं आणि कुठलं नुसतं कूस बदलण्याचं हे तिला अंधारात कळत होतं. आणि दोन मजले खाली.

ल्युबोमीरनं सगळं ऐकून घेतलं. मग दार लावलं. तो वाईट माणूस नव्हता. बाळंतपणाच्या रजेत त्यानं तिची जागा राखून ठेवली होती.

"पत्रात खोटं काय आहे, झोरी? नोंद नाही, असं लिहिलंय. नाहीच आहे नोंद."

"ल्युबो, तू असं बोलू नकोस. नोंद नाही म्हणजे कॉल नाही असं त्या समजल्यात. आपणच समजू दिलं."

"मदतकेंद्रात घंटी वाजली नाही. तिथल्या माणसाला मी विचारलंय."

"पुढे धाडताना अडकला असेल तर नाहीच वाजणार. महिन्याला दोन-तीन अडकतात. ते फक्त लॉगमध्ये दिसतं. म्हणून तर आपण रोज सकाळी लॉग बघतो."

"मग त्या आठवड्यात का नाही बघितला कुणी?"

"मी बघते ना रोज. मी घरी होते."

तो खिडकीपाशी गेला. खाली फुटपाथवरच्या कॉफीच्या यंत्रात कुणीतरी नाणं टाकलं, ते अडकलं, त्या माणसानं यंत्राला थाप मारली. "समज, दाबलं असेल," ल्युबोमीर हळूच म्हणाला. "ती बाई परत येणार आहे? आणि समज, दाबलं नसेल. बहुतेक नसेलच. मग तू त्या मुलीच्या डोक्यात जन्मभराचा किडा सोडून येणार. कशासाठी? तुला हलकं वाटावं म्हणून?"

तिनं स्वतःला हेच विचारलं होतं, ट्रॉलीबसपासून इथवर, आणि त्याच शब्दांत.

"नगरपालिकेला मी सांगेन," तो म्हणाला. "ते माझं काम, त्याची तू काळजी करू नकोस. पण त्या बाईंना... मी नको म्हणत नाही. विचार कर म्हणतोय. आई आहेस तू."

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही. तोंडातून गेलं."

शुक्रवार तिनं घरीच काढला. नवरा, ओग्न्यान, गोदीतून दुपारी यायचा; त्याला तिनं सांगितलं, तेव्हा तो बटाटे सोलता सोलता म्हणाला, मला विचारशील तर मी नसतं सांगितलं, पण मी म्हणजे तू नाहीस. बिल्याना दुपारी झोपली होती, तोंड उघडं, एक मूठ गालाखाली. झोरनित्सा तिच्या शेजारी आडवी झाली. पोरीच्या श्वासाचा दमट, दुधाळ वास, आणि खालून कुठूनतरी पाटा ओढल्यासारखा आवाज : दुसऱ्या मजल्यावर एलित्सा कपाटं हलवत होती. आवाज भिंतींतून किती सहज येत होते. त्या रात्री आला असेल का काही आवाज? खुर्ची पडल्याचा, भांडं पडल्याचा? आपण जाग्या होतो. आपण तर सारख्या जाग्याच होतो. ती आठवणीत कान लावून बसली, इतका कान लावला की तिला एक आवाज ऐकूही आला, आणि मग तिचं तिलाच कळलं, की तो आपण आत्ता तयार केला.

सात वर्षांची असताना ती लिफ्टमध्ये अडकली होती. आजीकडे, अशाच एका इमारतीत, पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये. दिवा गेला नव्हता, त्यामुळं सगळं दिसत होतं : कुणीतरी सिगारेटनं भाजून वितळवलेली बटणं, खरवडलेली नावं, कोपऱ्यात वाळलेली बडीशेपेची काडी. लाल बटण होतं. तिनं ते दाबलं. आतून काहीच ऐकू आलं नाही. बाहेर कुठंतरी वाजत असेल, म्हणून तिनं दाबून धरलं, बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत. मग वाटलं, फार वेळ दाबलं तर मोठी माणसं ओरडतील, म्हणून सोडलं. पुन्हा दाबलं. ओरडायचं तिला सुचलं नाही. बटण असताना कशाला ओरडायचं? पाऊण तासानं लिफ्ट आपोआप हलली. खाली सगळे जमले होते, आणि आजी रागानं म्हणाली, घंटी वाजवायची ना, बये, तेवढंही कळत नाही? मी वाजवली. नाही वाजली, आम्ही सगळे इथंच आहोत. मी वाजवली. खोटं बोलू नकोस. पुढं तिनं ते बोलणं सोडून दिलं. काही वर्षांनी तर तिचं तिलाच वाटू लागलं, की आपण बहुधा दाबलंच नसावं, घाबरून नुसत्या बसून राहिलो असू. आज तिला बोटाचं पांढरं टोक दिसलं आणि तिनं ते ओठांत धरलं, पोरी धरतात तसं.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती दोन मजले उतरली. दार उघडंच होतं. पॅसेजमध्ये दोऱ्यांनी बांधलेली खोकी, वर आजींचा पावसाळी कोट, आणि स्वयंपाकघराच्या सताड उघड्या खिडकीतून धुकं सरळ आत येत होतं. एलित्सा स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या बरण्या उतरवत होती. मिरच्यांच्या, वांग्यांच्या, गेल्या सालच्या, त्याच्या आधीच्या.

"ये ये. बरं झालं आलीस. घेऊन जा यातल्या, पोरीला घाल. मी काय विमानातून नेऊ? पाहिलंस, एकटीला लागतात का इतक्या? दरवर्षी म्हणायची, तू आलीस की."

"ताई, खाली उतरा जरा. मला बोलायचंय."

एलित्सा उतरली. झोरनित्सानं दोन दिवस वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. तिनं सरळ सांगितलं. तो भाग कॉल ऐकतो. ऐकलं की लिहून ठेवतो. सात तारखेपासून सोळापर्यंत तो लिहीत नव्हता, कारण मी एक ओळ घालायची विसरले. मी शोधलं तेव्हा मला काही मिळालं नाही, पण कुणाचंच काही मिळालं नसतं. शहरातल्या कुणाचंच.

एलित्सानं हातातली बरणी ओट्यावर ठेवली, आणि मग पुन्हा उचलून फडक्यानं पुसू लागली. "म्हणजे दाबलं असेल?"

"असेल."

"नसेल?"

"नसेलही."

"आणि कळायचा काही मार्ग? कुणी मोठा माणूस, कुठं बाहेर..."

"नाही. जे लिहिलंच नाही ते कुठूनच येत नाही."

"तुला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याला काही अर्थ नाही, ताई."

"अर्थ नको सांगूस. वाटतं काय ते विचारलं."

झोरनित्साला खूप थंडी वाजत होती. "मला वाटतं, त्यांनी दाबलं नसतं. मी मागं लागले म्हणून त्या घालायच्या. कुणाला त्रास द्यायचा म्हटलं की त्यांना लाज वाटायची. पण मला तसं वाटायला हवंय. म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

बरणी पुसून झाली होती तरी फडकं फिरत होतं. "न सांगता राहिली असतीस," एलित्सा म्हणाली, "तर मी झोपले असते. उद्या तिकडे पोचले असते, त्या म्हातारीला अंघोळ घातली असती, आणि झोपले असते."

"हो."

"नुसतं हो?"

"काय म्हणू, ताई?"

एलित्सानं कोटाच्या खिशातून ते पत्र काढलं, टेबलावर उलटं पसरलं, आणि फळीवरून पेन्सिल शोधून तिच्यासमोर टाकली. "लिही. आत्ता सांगितलंस ते. शिक्का-बिक्का नको. खाली तुझं नाव."

टेबलावरचं मेणकापड गार होतं, पेन्सिल बोथट. झोरनित्सानं लिहिलं : सात ते सोळा ऑक्टोबर या काळात नोंदी लिहिल्या गेल्या नाहीत. त्यामुळं नऊ तारखेला कॉल आला की नाही, हे सांगता येत नाही. चूक माझी आहे. मग नाव. एलित्सानं कागद लांब धरून, ओठ हलवत वाचला, आणि शेवटून दुसऱ्या ओळीवर नख टेकवलं.

"हे खोड."

"पण ती आहे माझी."

"असेल. हे तू तुझ्यासाठी लिहिलंयस. मला नकोय ते."

झोरनित्सानं ते तीन शब्द खोडले. खोडल्यावर खरंच, कागदावर फक्त आजी उरल्या.

एलित्सा उठून ओट्याच्या खणातलं काहीतरी घेऊन आली. पांढऱ्या दोरीतलं राखाडी बटण, सुपारीएवढं. दोरी एका जागी पिवळट झाली होती, मानेच्या घामानं. पावाच्या डब्यामागं पेटी अजून भिंतीत खोचलेलीच होती. "हे तुमचं. न्यायचं असेल तुम्हाला." पण तिनं ते दिलं नाही. तळहातावर घेऊन बघत राहिली. "जोर लागतो का गं? तिच्या बोटांत नव्हता जोर. संधिवात होता."

"जोर नाही लागत. तीन मोजेपर्यंत धरून ठेवायचं."

एलित्सानं अंगठा ठेवला आणि धरला. झोरनित्सा नको म्हणणार होती, पण तोवर पेटीवर तांबडा दिवा लागला होता. तो लुकलुकला, आणि हिरवा झाला. यादीतून नाव काढायचं राहून गेलं होतं.

"दाफिना आजी," पेटीतून एका पुरुषाचा, जरा दमलेला, मायेचा आवाज आला. "ऐकतोय. काय झालं आजी?"

झोरनित्सा पुढं झाली. एलित्सानं हात वर करून तिला अडवलं. खिडकीबाहेर खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं, एका लयीत.

"आजी? बोलता येतंय का? माणूस पाठवू?"

"नको रे बाळा," एलित्सा म्हणाली. "चुकून दाबलं गेलं."

"असू दे, असू दे. दुखत-बिखत नाही ना काही?"

"नाही."

"मग ठेवतो. कधीही दाबा हं. आम्ही इथंच आहोत."

दिवा विझला. एलित्सा पेटीकडे बघत राहिली, तिथून अजून काही येईल अशी. मग तिनं मान न वळवता विचारलं, "इतक्या लवकर बोलतात?"

"हो."

"इतक्या लवकर."

ती बटण मुठीत धरून, ओट्याला पाठ लावत, हळूहळू फरशीवर बसली. झोरनित्सानं खिडकी लावून घेतली आणि तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल न लागेल इतक्या अंतरावर, खाली बसली.